काटा कुंकवावर

उत्तरा गजभियेला कुठल्याही कारखान्यात नेऊन उभं करा, ती आधी फडकं मागते. पाणी नंतर, चहा नंतर, मालकाची ओळख त्याच्याही नंतर. वर्षानुवर्षांची धूळ, तेल आणि कोळ्याची जाळी अंगावर घेऊन बसलेला एखादा जुना कंट्रोल पॅनल दिसला की तिचे हात शिवशिवायला लागतात. लोक म्हणतात, बाई स्वच्छतेची वेडी आहे. आहेच. पण हे वेड तिचं एकटीचं नाही, ते घराण्यात चालत आलेलं आहे.

तिचे वडील धोंडबा नरखेड तालुक्यात विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे. संत्र्याच्या आणि मोसंबीच्या बागांमधून मोटरसायकल हाणत जायचं, जळालेली मोटार खोलायची, आत नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, हा त्यांचा धंदा. मागच्या सीटवर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन उत्तरा. मोटार समोर आली की धोंडबांचा हात आधी खिशातल्या फडक्याकडे जायचा. "पहिले पुसाचं, मंग उघडाचं," ते पोरीला सांगायचे. "घाण आत गेली त बिघाड आपला." ही एवढी एक गोष्ट सोडली तर त्यांनी पोरीला मुद्दाम असं काही शिकवलं नाही. बाकीचं ती बघून शिकली, मग नागपुरात आयटीआयला शिकली, मग पॅनल बनवणाऱ्या एका दुकानात शिकली आणि शेवटी स्वतःच्या स्कूटरला हत्यारांची पेटी बांधून तिनं आपलं काम सुरू केलं.

काम म्हणाल तर जुन्या भट्ट्यांना नवी अक्कल बसवून द्यायची. भट्टी किती तापली पाहिजे, कधी थांबली पाहिजे, हे ठरवणारा एक डबा प्रत्येक कारखान्यात असतो. जुन्या डब्यांना घड्याळासारखी गोल तबकडी, एक काटा आणि तो फिरवायला एक बटण. नव्या डब्यांना आकडे असतात, लालभडक, लांबून दिसणारे. उत्तरा जुना काढते आणि नवा बसवते. काढलेले डबे मात्र तिला टाकवत नाहीत. नागपूरजवळच्या बेशातल्या तिच्या घरात स्वयंपाकघराच्या फळीवर डाळी-तांदळाच्या डब्यांशेजारी ते ओळीनं बसलेले असतात आणि तिचा नवरा अश्विन महिन्यातून एकदा तरी साखर समजून त्यातला एखादा खाली उतरवतो.

अशा या उत्तराला गेल्या वर्षी नागपूरच्या नंदनवन भागातल्या 'मायाळू टोस्ट' या कारखान्यानं चांगलाच घाम फोडला.

मायाळू टोस्ट हा कारखाना म्हणजे तळमजल्यावर भट्टी आणि वर मालकाचं घर. मालक अनिश, वय चाळिशीच्या आसपास, नव्या गोष्टींचा हौशी. खरी मालकीण मात्र वर राहायची. अनिशची आई प्रेमिलाबाई. त्यांच्या सासूबाईंच्या तोंडात एक दात उरला नव्हता आणि चहाबरोबर टोस्ट खायची हौस मात्र दांडगी होती. त्यांच्यासाठी प्रेमिलाबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं, मनोहररावांनी, घरच्या लहानशा भट्टीत टोस्ट करून बघितले. म्हातारीच्या हिरड्यांवर माया करणारा टोस्ट म्हणून नाव पडलं मायाळू. सासूबाई गेल्या, पुढे मनोहररावही गेले, टोस्ट मात्र अर्ध्या नागपूरच्या चहात बुडायला लागला.

भट्टीवरचा डबा मनोहररावांच्या काळातला. त्याचे सुटे भाग कुठे मिळत नव्हते, आणि उन्हाळ्यात तो असा अडायचा की भट्टीवरचा कारागीर शालिकराम त्याला चपलेनं दोन ठोके देऊन चालू करायचा. अनिशनं उत्तराला बोलावलं. प्रेमिलाबाई जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होत्या.

"टोस्ट बदलन," त्या म्हणाल्या. "मले नाही चालणार."

आता इथे माणसानं गप्प बसावं. पण उत्तराचा स्वभाव पडला बोलका. ती म्हणाली, "आजी, तुमच्या टोस्टात कणभर फरक पडला, त हाच जुना डबा मी माह्या हातानं वापस बसवून देईन. आन् या गल्लीत पुन्हा नवा डबा विकाले येणार नाही."

"पाहा बरं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीले मशीनीची पूजा असते आमच्या इथं. पूजा जुन्याची कराची का नव्याची, थे तोवर ठरलं पाहिजे."

"ठरते ना, आजी. नवमी त दूर आहे."

नवमी काही दूर नव्हती, पुढच्याच आठवड्यात होती.

सोमवारी कारखान्याला सुट्टी. भट्टी थंड, माणसं घरी. उत्तरा एकटी आली, शटर वर केलं, आणि जुन्या डब्यासमोर उभी राहिली. तिचा बेत अगदी सरळ होता. आज वायरी बघून ठेवायच्या. उद्या भट्टी चालू झाली की शालिकराम काटा कुठे ठेवतो ते बघायचं, आपल्या मीटरनं आतलं तापमान मोजायचं, आणि तोच आकडा नव्या डब्यात भरायचा. यात चूक होण्यासारखं काही नव्हतंच. सुट्टी असल्यामुळे काटा बंदच्या टोकाला आणून ठेवलेला होता. तबकडीवरची काच काजळीनं इतकी काळवंडली होती की खालचा काटा जेमतेम दिसत होता, आणि त्या काळ्यावर एका बाजूला लालसर, जाड, वाळून खपली झालेला एक डाग होता.

उत्तरानं नाक मुरडलं. नागपुरात कुठल्याही भिंतीवर, जिन्याच्या कोपऱ्यात, सरकारी दाराआड असा लालसर डाग दिसला की तो कशाचा हे विचारावं लागत नाही. कोणीतरी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकलेला असतो. "शालिकरामभाऊ, शालिकरामभाऊ," ती स्वतःशीच म्हणाली, "मशीनवर तरी थुंकू नये गा माणसानं!" आणि तिनं स्पिरिटमध्ये फडकं बुडवून ती काच अशी चकचकीत केली की तिचं स्वतःचं तोंड त्यात दिसायला लागलं. फोटोही तिनं त्यानंतरच काढला. आधी काढला तर घाणच दिसते, हे तिचं ठरलेलं मत. काचेखालच्या तबकडीवरचे आकडे उष्णतेनं केव्हाच उडून गेले होते, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. पण त्यात काळजी करण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी शालिकराम आला, डोक्याला दुपट्टा बांधला, भट्टीचं बटण दाबलं, काट्याच्या बटणाला हात घातला आणि तसाच उभा राहिला.

"कुंकू कुठी गेलं?"

"कोणतं कुंकू?" उत्तरानं विचारलं.

"अवो मॅडम, काचेवरचं! आजी दर नवमीले लावते ना. जुन्याच्या वर, त्याच जागी. काटा त्याच्यावरच ठेवाचा असते. माह्या आधी कवडूभाऊ होता भट्टीवर, त्यानं मले हेच शिकवलं. काटा कुंकवावर, आन् मंग चहा प्यायले जा."

तिच्या घरी यंत्रांना कधी कोणी कुंकू लावलं नव्हतं. तिच्या घरचा दसरा म्हणजे दीक्षाभूमी. पांढरी साडी, पांढरा सदरा, गावाहून येणारे पाहुणे. कारखान्यांतून तिनं हळदी-कुंकू लावलेली यंत्रं पाहिली होती, पण एखाद्या कारखान्याचा सगळा टोस्ट त्या एका ठिपक्यावर उभा असेल असं तिच्याच काय, कोणाच्याच मनात आलं नसतं. आकडे उडाले होते, कोणी ते कधी वाचलेच नव्हते. मायाळू टोस्टचं सगळं गुपित त्या लाल खपलीत होतं, आणि ती खपली आता तिच्या फडक्याला लागलेली होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला एक सोपी वाट दिसली. डबा जुना होता, रात्रीतून बिघडला, असं म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. शालिकराम चपला मारून साक्षीला उभा राहिला असता. पण तिला स्वतःचाच राग आला आणि त्या रागाच्या भरात ती जिना चढून वर गेली. दारातच बोलून मोकळी झाली.

"आजी, काचेवरचं कुंकू मी पुसलं. मले वाटलं खर्रा आहे."

अनिशला हसू फुटलं आणि आईचा चेहरा बघून ते त्यानं गिळलं. प्रेमिलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्या घरी मशीनीले नाही लावत काय वं कुंकू?"

"नाही आजी. आम्ही पुसतो."

"बरं," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या 'बरं'नं उत्तराला जेवढं लागलं, तेवढं कोणाच्या शिव्यांनीही कधी लागलं नव्हतं.

खाली धावपळ सुरू झाली. अनिशला आपल्या मोबाइलची आठवण झाली. मागच्या नवमीचे फोटो निघाले, त्याच्या मागच्या नवमीचेही निघाले. सगळ्या फोटोंत अनिश हसतोय, शालिकराम नारळ धरून उभा आहे, आणि डब्यावर झेंडूचा एवढा भरघोस हार की डबा आहे हे कोणी शपथेवर सांगावं. एका फोटोत कुंकू लावणारं प्रेमिलाबाईंचं बोट स्वच्छ दिसत होतं, पण त्याचं टोक हाराच्या आड.

शालिकराम म्हणाला, "फिकर नका करू, मले अंदाज आहे." त्यानं अंदाजानं काटा ठेवला. पहिला घाणा निघाला तो तापातून उठलेल्या माणसासारखा, पांढरा आणि मऊ. त्यानं काटा सरकवला. दुसऱ्या घाण्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि समोरच्या घरातली बाई विचारायला आली, काय जळून राहिलं?

मग उत्तरानं बाह्या सावरल्या. जुना डबा तसाच ठेवून तिनं नवा डबा शेजारी तात्पुरता जोडला. एकच कणीक, सारखेच काप, भट्टीत सारखाच वेळ. बदलायचं ते फक्त तापमान, आणि तेही थोडं थोडं. प्रत्येक घाणा वेगळ्या ताटात, ताटाखाली खडूनं आकडा. चाखायला पॅकिंगच्या बाया, शालिकराम, अनिश आणि चहाचं मोठं पातेलं.

दोन दिवस मायाळू टोस्टमध्ये टोस्टाखेरीज कोणी काही खाल्लं नाही. पॅकिंगच्या पुष्पलताबाईंना कडक टोस्ट आवडला, कारण तो डब्यात चार दिवस टिकतो. त्यांच्या शेजारणीला मऊ आवडला, कारण तिचं पोरगं तोच खातं. अनिशला जो आवडला तो जरा जास्त भाजलेला होता आणि तो "प्रीमियम वाटतो" असं त्याचं म्हणणं पडलं. शालिकरामनं डोळे मिटून, मान डोलवून, एक ताट पुढे केलं. "हाच! छातीवर हात ठेवून सांगतो." उत्तरानं गुपचूप ताटांची जागा बदलली आणि पुन्हा विचारलं. शालिकरामनं तेवढ्याच भक्तिभावानं दुसरंच ताट पुढे केलं. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"हसा, हसा," शालिकराम म्हणाला. "मी भट्टी पाहतो बाप्पा. टोस्ट मले आवडतच नाही. मी पोहे खातो."

हसणं ठीक होतं, पण नवमी परवावर आली होती. उत्तराला जेवण गोड लागेना. घरी फळीवरच्या जुन्या डब्यांकडे बघून ती अश्विनला म्हणाली, "हारली मी. त्यायचा जुना डबाच राहू देतो. पण ठेवून तरी काय उपयोग? काटा ठेवू कुठी?"

अश्विन चहा पीत होता. त्यानं सहज विचारलं, "ज्या म्हातारीसाठी टोस्ट बनला, थे त गेली. पण आता त्या घरात दात नसलेलं कोणी आहे काय?"

उत्तरा त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा इतका देखणा तिला क्वचितच दिसला होता.

दुसऱ्या दिवशी ताटं घेऊन ती जिना चढली. प्रेमिलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. कवळी वाटीत पाण्यात पडली होती. दुपारच्या चहाला त्या कवळी कधीच लावत नसत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आजी, रागवा माह्यावर. पण हे खाऊन सांगा."

"मी नाही रागावली वं," प्रेमिलाबाई भिंतीवरच्या मनोहररावांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या. "मले वाईट वाटलं. थे पहिलं कुंकू यायच्या हातावर हात ठेवून लावलं होतं मी. यायनं भट्टी जमवली, म्हणाले, इथं जमली पाहा, इथं लाव. मंग दर वर्षी मी त्याच जागी लावत गेली. तुले काय माहीत? तुले कोणं सांगितलं होतं?"

उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. एवढ्या एका गोष्टीला तिचं फडकं त्या दिवशी धावलं नाही.

प्रेमिलाबाईंनी पहिला टोस्ट चहात बुडवला. उचलला, तो अर्ध्यावरून तुटून कपात पडला. त्यांनी कप बाजूला केला. दुसरा बुडवला, तोंडात घातला, हिरड्यांवर इकडून तिकडे फिरवला आणि "हा दगड कोणाचा?" म्हणून बशीत काढून ठेवला. तो अनिशचा प्रीमियम होता. तिसरा त्यांनी बुडवला, वर काढला, क्षणभर हवेत धरला. तुटला नाही. तोंडात गेला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या.

उत्तरानं नवीन चहा आणवला. ताटं खालीवर केली, जागा बदलल्या, मध्ये दोन जास्तीची ताटं घुसडली. प्रेमिलाबाईंनी पुन्हा तोच टोस्ट उचलला. तिसऱ्यांदाही तोच. उत्तरानं ताट उलटं करून खडूचा आकडा पाहिला. एकशे त्रेसष्ट. तिनं तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचला आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला अशी मिठी मारली की बशीतला चहा साडीवर सांडला.

खंडेनवमीच्या सकाळी नवा डबा पक्का बसला. लाल आकड्यांत एकशे त्रेसष्ट. शालिकरामची एकच तक्रार होती. जुना डबा दर थोड्या वेळानं 'खटाक' करायचा, नवा मुळीच आवाज करत नव्हता. "चालू आहे का मेला, समजतच नाही जी. मले त खटाक ऐकल्याशिवाय डुलकीबी येत नाही." उत्तरानं त्याच्यासाठी घाणा तयार झाल्यावर वाजणारा एक भोंगा लावून दिला. डुलकीचं तेवढं त्याचं त्यानं बघावं.

दीक्षाभूमीला जायला धोंडबा गावाहून एसटीनं आले होते. स्टँडवरून उत्तरानं त्यांना घरी न नेता थेट कारखान्यातच आणलं. बापाला आपलं काम दाखवायची हौस कोणत्या पोरीला नसते? पूजा नुकतीच आटोपली होती. प्रेमिलाबाईंनी आकडा झाकणार नाही असं बघून, शेजारच्या कोऱ्या पत्र्यावर हळदी-कुंकू लावलं होतं. नारळ फुटला होता, बाया टोस्ट आणि खोबरं वाटत होत्या.

"हे पाहा बाबा," उत्तरा हार बाजूला करून म्हणाली. "एकशे त्रेसष्ट. एक डिग्री इकडे नाही, तिकडे नाही."

धोंडबा जवळ गेले. मान वाकडी करून आकड्यांकडे बघायला लागले. लेकीचं काम बघता बघता त्यांचा ऊर भरून आला. डोळे आकड्यांवर आणि हात आपला सवयीनं खिशात. फडकं बाहेर आलं आणि कोणी काही म्हणायच्या आत पत्र्यावरून फिरलं. एकदा, दोनदा. पत्रा लख्ख.

सगळं थांबलं. पुष्पलताबाईंचा खोबऱ्याचा हात हवेत राहिला. शालिकरामनं डोक्यावरचा दुपट्टा घट्ट धरला. धोंडबांनी फडक्याकडे पाहिलं, ते लाल झालं होतं, आणि म्हातारा शरमेनं पाणी पाणी झाला. "मायबाई, माफ करा जी. हाताले सवय आहे."

प्रेमिलाबाईंनी धोंडबांकडे पाहिलं, मग उत्तराकडे, मग पुन्हा धोंडबांकडे. "फडकं कोणाच्या घरून आलं थे आत्ता समजलं मले," त्या म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की कवळी सांभाळावी लागली. मग त्यांनी विचारलं, "शालिकराम, नंबर हलला काय गा?"

शालिकरामनं वाकून पाहिलं. "नाही आजी. एकशे त्रेसष्टच आहे."

"मंग राहू द्या. बिचाऱ्या कुंकवाले इतके वर्षं ड्यूटीवर उभं केलं होतं आपण. आज रिटायर झालं थे."

त्यांनी करंड्यात बोट बुडवलं. त्याच जागी, नीट मोजून-मापून लावायची सवय त्या बोटाला होती. ते क्षणभर थबकलं. मग जिथं हात गेला तिथं, जरा वाकडं, जरा वर, त्यांनी कुंकू लावलं आणि धोंडबांच्या हातात टोस्ट ठेवला.

"खा भाऊ," त्या म्हणाल्या. "चहात बुडवून."